पब्लिक एनिमी, झीलकरी आणि आपल्याकडची रॅपवाली पोरं

शहापूरची_पेठ (धागाकर्ता)

पब्लिक एनिमी हा अमेरिकेतला रॅप गट ऐकणारी पोरं आता बेळगावात बरीच सापडतात. गॅदरिंगमध्ये, बागेत, शिवजयंतीच्या चित्ररथापुढं डॉल्बी जरा थांबली की माइक घेऊन उभी राहतात. विषय ठरलेले: सीमाप्रश्न, १ नोव्हेंबरचा काळा दिवस, पाट्या, नोकऱ्या, 'आमचं कोण ऐकणार'. विषयांबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. तक्रार ही की पहिल्या ओळीला जो आवाज चढतो तो शेवटपर्यंत उतरतच नाही. आणि विचारलं तर सांगतात, 'पब्लिक एनिमीचा चक डी पण असाच गातो.' तो असा गात नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

आधी थोडा इतिहास. हिप-हॉपचा जन्म १९७३ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात झाला असं मानतात. पब्लिक एनिमी तिथली नव्हे. ती लाँग आयलंडवरच्या रूझवेल्टची, म्हणजे शहराबाहेरच्या काळ्या मध्यमवर्गी वस्तीतली. हँक शॉकली आणि त्याचा भाऊ कीथ हे 'स्पेक्ट्रम सिटी' नावानं साउंड लावायचे. लग्न, पार्टी, कॉलेजचा हॉल, जिथं बोलावतील तिथं कर्णे घेऊन जायचं. कार्लटन रायडनअर नावाचा पोरगा ॲडेल्फी विद्यापीठात ग्राफिक डिझाइन शिकत होता. तो आधी त्यांची पत्रकं काढून द्यायचा, मग माइकवर बोलायला लागला. हाच पुढं चक डी. बंदुकीच्या नेमात सापडलेल्या माणसाचं ते प्रसिद्ध बोधचिन्हही त्यानंच काढलेलं.

कॉलेजच्या रेडिओवर वाजवलेली त्याची एक टेप डेफ जॅम या रेकॉर्ड कंपनीच्या रिक रुबिननं ऐकली आणि त्याच्या मागं लागला. चक डी बराच काळ नकोच म्हणत होता, आपलं वय झालं असं त्याला वाटायचं. तेव्हा पंचविशीच उलटली होती, पण रॅपमध्ये ते म्हातारपण! शेवटी तयार झाला तो अटी घालूनच. त्यातली एक म्हणजे त्याचा साथीदार फ्लेव्हर फ्लेव बरोबर पाहिजे. कंपनीला कळेना, हा गळ्यात घड्याळ अडकवून नाचणारा माणूस नेमकं करतो काय? चक डी अडून बसला.

पहिला अल्बम १९८७ चा. तो ठीक आहे. दुसरा, १९८८ चा 'इट टेक्स अ नेशन ऑफ मिलियन्स टु होल्ड अस बॅक', हा मात्र आजही ऐकताना अंगावर येतो. १९८९ मध्ये स्पाइक लीच्या 'डू द राइट थिंग' या सिनेमासाठी 'फाइट द पॉवर' केलं आणि १९९० ला 'फिअर ऑफ अ ब्लॅक प्लॅनेट' आला. या तीन-चार वर्षांतच जे करायचं ते त्यांनी करून ठेवलं. नंतरचं बरंचसं मी ऐकलंय, पण त्यावर इथं वेळ घालवत नाही.

आता मुद्दा. यांचं गाणं 'बांधलेलं' आहे. शॉकली बंधू, एरिक सॅडलर आणि स्वतः चक डी यांची जी टोळी ध्वनिमुद्रण करायची तिला बॉम्ब स्क्वॉड म्हणतात. त्यांच्याकडं एसपी-१२०० नावाचं सॅम्पलर, म्हणजे गाण्यांचे तुकडे साठवून वाजवायचं यंत्र होतं. त्याची सगळी स्मृती दहा सेकंदांच्या आसपास. दहा सेकंदांत काय मावणार? मग जुन्या तबकड्यांमधले तुकडे अर्धा-अर्धा सेकंदाचे कापायचे, एकावर एक रचायचे, आणि एकेकानं एकेक तुकडा हातानं वाजवायचा, बँडमध्ये वाजवतात तसा. म्हणून त्यात यंत्राचा काटेकोरपणा नाही, किंचित पुढंमागं होतं, धक्का बसतो.

'रेबेल विदाउट अ पॉज' लावून बघा. जी शिट्टीसारखी किंकाळी सुरू होते ती जेम्स ब्राउनच्या साथीदारांच्या, जेबीजच्या १९७० च्या 'द ग्रंट'मधला सॅक्सोफोनचा तुकडा आहे. मूळ गाण्यात तो एकदा येतो आणि जातो. इथं तो थांबतच नाही. कुकरची शिट्टी होतेय आणि गॅस बंद करायला कोणी उठत नाही, तसं. आणि त्या गोंगाटाच्या वर चक डीचा आवाज येतो तो खालच्या, भरड, जवळजवळ संथ पट्टीत! ओरडायचं काम सॅक्सोफोननं केलंय, त्याला ओरडायची गरजच उरत नाही.

आपली पोरं नेमकं उलटं करतात. मागं यूट्यूबवरून उतरवलेला गुळगुळीत बीट आणि वर बेंबीच्या देठापासून आरडाओरडा.

---

खानापूर_जंगलवाला

जबरदस्त लिहिलंय. त्या साउंडवाल्यांचा भाग माहीतच नव्हता. आमच्याकडं गणपतीत बेस लावणारी पोरं बघितली की आता वेगळंच वाटेल.

---

झीलकऱ्याचा_नातू

पेठकर, एक गोष्ट जोडतो. फ्लेव्हर फ्लेव काय करतो हे अमेरिकेतल्या कंपनीला कळलं नसेल, पण आपल्याकडच्या कुठल्याही फडातल्या माणसाला एका मिनिटात कळलं असतं. तो झीलकरी आहे.

आमचे आजोबा निपाणीकडं एका शाहिराच्या मागं उभे राहायचे. हातात मंजिरी, शेजारी तुणतुणं, डफ शाहिराकडं. ते सांगायचे, शाहीर ओळ कुठं सोडणार हे त्याच्या खांद्यावरून कळतं. खांदा उतरला की श्वास संपला. त्याच क्षणाला मागच्यांनी शेवटचा शब्द वरच्या सुरात उचलायचा आणि 'जी जी रं जी' करत ताणायचा, तेवढ्यात शाहीर श्वास घेऊन पुढच्या कडव्याला तयार. अर्ध्या मात्रेचा उशीर झाला तर पोवाडा पडतो. आणि मधेच एखाद्यानं 'मग काय झालं वो शाहीर?' असं विचारायचं, म्हणजे जो म्हातारा मागं डुलक्या घेतोय तोही जागा होतो.

आता 'ब्रिंग द नॉइज' ऐका. चक डीच्या ओळींच्या फटीत फ्लेव काय करतो? शब्द उचलतो, चिडवतो, हसतो, 'सांग त्यांना' म्हणून भरीस घालतो. तो नसेल तर चक डी म्हणजे नुसतं भाषण.

---

शहापूरची_पेठ

@झीलकऱ्याचा_नातू, हा प्रतिसाद धाग्यापेक्षा भारी झालाय. त्यात एवढंच घालतो, फ्लेव नुसता विदूषक नाही. पियानो, ड्रम, गिटार अशी कितीतरी वाद्यं वाजवतो. तालात इतका पक्का माणूस असल्याशिवाय अशा फटी सापडत नाहीत. तमाशातला सोंगाड्या पण तसाच, सगळ्यात तयार माणूस.

---

चिक्कोडी_एक्सप्रेस

अण्णा, एक बोलू का? तुम्ही सगळे पोवाडा पोवाडा करालाय. आमच्या चिक्कोडी, रायबाग, गोकाक बाजूला गीगी पदं आहेत की. कित्तूर चन्नम्मा, संगोळ्ळी रायण्णा, यांच्यावरची पदं जत्रेत रात्रभर चालतात. तिथं पण डप्पू, तुंतुणी, मागं दोघं 'गीय गीय' करत उचलणारे. आणि हरदेशी-नागेशीची जुगलबंदी तर सरळसरळ रॅप बॅटल. शिव मोठा की शक्ती मोठी, दोन पार्ट्या समोरासमोर बसून एकमेकांना कोडी घालतात. तुमच्या कलगी-तुऱ्याचाच हा भाऊ. मी घरात मराठी बोलतो, शाळा कन्नड माध्यमात झाली, मला दोन्ही कळतं. दोन्हीकडच्या लोकांना मात्र वाटतं की हे फक्त आपलंच.

---

झीलकऱ्याचा_नातू

@चिक्कोडी_एक्सप्रेस, १००% मान्य. आजोबांच्या फडातला डफवाला जत्रेत गीगीच्या पार्टीत पण वाजवायचा. त्याला कुणी विचारलं नाही कुठल्या बाजूचा म्हणून. मानधन दोन्हीकडं सारखंच कमी!

---

मंजुळा_अनगोळ

लेख आवडला, पण फार भक्तिभावानं चाललंय असं वाटलं म्हणून लिहिते.

पब्लिक एनिमीच्या इतिहासातलं १९८९ साल तुम्ही 'फाइट द पॉवर'वर संपवलंत. त्याच वर्षी त्यांच्यातल्या प्रोफेसर ग्रिफनं वॉशिंग्टन टाइम्सच्या मुलाखतीत ज्यूंबद्दल अत्यंत द्वेषाची विधानं केली. जगातल्या दुष्टपणाचं खापर एका समाजावर. मग गोंधळ: ग्रिफला काढलं, गट मोडला म्हणाले, परत जमले, चक डीची विधानं दर आठवड्याला वेगळी. ज्या गटाचं सगळं म्हणणंच 'एका समाजाला आधीच गुन्हेगार ठरवू नका' असं, त्याच गटातून हे आलं.

आणि बायकांचं काय? पहिल्या अल्बममध्ये एका गाण्याच्या नावातच शिवी. दुसऱ्यात टीव्हीवरच्या मालिका बघणाऱ्या बाईची टर, बाप्या मात्र क्रांतिकारक. तिसऱ्या अल्बममध्ये 'रिव्होल्यूशनरी जनरेशन' करून काळ्या स्त्रियांच्या सन्मानाचं बोलले, ते चांगलंच आहे. पण त्याच अल्बममध्ये समलिंगी लोकांबद्दल एक हलकट तुकडा पण आहे.

हे लिहायचं कारण असं की आपल्याकडची पोरं पण सीमाप्रश्नावर रॅप करताना तिसऱ्या कडव्यात शेजारच्या कन्नड माणसाच्या आईबहिणीवर येतात. टाळ्या तिथंच जास्त पडतात. कारागिरी शिकवताय तर ही बाजू पण शिकवा.

---

कॅम्पातला_गिटारवाला

@मंजुळा_अनगोळ, ताई, मुद्दे बरोबर. पण १९८८ च्या अमेरिकेला आजच्या मोजपट्टीनं मोजायचं का?

---

मंजुळा_अनगोळ

ग्रिफची मुलाखत १९८९ च्या मोजपट्टीनंच मोजली गेली दादा, त्याला तेव्हाच काढला. मी काही नवीन पट्टी आणली नाही.

---

कोर्टगल्ली

वकिली सवयीप्रमाणे माझा मुद्दा कायद्याचा.

बॉम्ब स्क्वॉडचा आवाज १९९० नंतर ऐकू का येत नाही? प्रतिभा आटली हे अर्धंच खरं. १९९१ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात बिझ मार्की या रॅपरविरुद्ध निकाल लागला. गिल्बर्ट ओ'सलिवनच्या गाण्याचा तुकडा त्यानं परवानगीशिवाय वापरला होता. न्यायाधीश डफींनी निकालाची सुरुवातच बायबलमधल्या 'चोरी करू नकोस' या आज्ञेनं केली. त्यानंतर प्रत्येक तुकड्याची आधी परवानगी, आधी पैसे. एका गाण्यात एक-दोन तुकडे असतील तर परवडतं. बॉम्ब स्क्वॉड एका गाण्यात डझनावारी रचायचे. तो हिशोब कुठल्याच कंपनीला झेपला नसता. म्हणजे १९८८ चा तो अल्बम आज त्याच पद्धतीनं काढायचा म्हटला तर निघणार नाही.

दुसरी बाजूही ऐका. जेम्स ब्राउनच्या 'फंकी ड्रमर'मधला जो ठेका या सगळ्यांनी वापरला तो वाजवला क्लाइड स्टबलफील्डनं. जगातल्या सर्वात जास्त उचललेल्या ठेक्यांपैकी तो एक. त्याचं नाव गीतकार-संगीतकारांत नव्हतं, त्यामुळं या उचलेगिरीतून त्याला जवळपास काहीच मिळालं नाही. गरिबानं गरिबाचं उचललं आणि पैसे तिसऱ्यालाच मिळाले, असा हा मामला.

अवांतर: इथल्या काही 'क्रिएटर' मंडळींनी जुन्या पोवाड्यांच्या ध्वनिमुद्रिका कापून बीट केलेत. चालीचे, शब्दांचे, मुद्रिकेचे हक्क वेगवेगळे असतात, विचारून घ्या.

---

रेल्वेगेट_बंद

इतकं सगळं ठीक. पण पब्लिक एनिमीनं बदललं काय? कुठला कायदा बदलला, कुठली सत्ता हलली? आमच्या इथं १९५६ पासून गाणी म्हणतायत. सीमावादासाठी महाजन आयोग आला, २००४ ला सुप्रीम कोर्टात दावा गेला, २०१४ ला गावाचं नाव अधिकृतपणे बदलून बेळगावी केलं, गाणी चालूच. अण्णाभाऊंनी 'माझी मैना' लिहिली त्यात पण बेळगाव होतंच की. पुढं?

---

शहापूरची_पेठ

@रेल्वेगेट_बंद, तुमच्या नावाप्रमाणेच प्रश्न आडवा टाकलात 😀 ॲरिझोनाचं उदाहरण देतो, मग तुम्हीच ठरवा.

मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाची सुट्टी अमेरिकेत लागू झाली, पण ॲरिझोनाच्या गव्हर्नरनं १९८७ मध्ये ती रद्द केली. १९९० ला तिथल्या मतदारांनीही नाकारली. पब्लिक एनिमीनं १९९१ मध्ये 'बाय द टाइम आय गेट टु ॲरिझोना' काढलं. चित्रफितीत राजकारण्यांना मारताना दाखवलं होतं, किंगसारख्या अहिंसावाद्याच्या नावानं हे शोभतं का म्हणून भरपूर टीका झाली, आणि ती मला पटते. १९९२ ला मतदारांनी सुट्टी मंजूर केली.

गाण्यानं झालं का? नाही. राज्यावर बहिष्कार पडला होता, अधिवेशनं रद्द होत होती, आणि १९९३ चा सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, ॲरिझोनातून उचलून कॅलिफोर्नियाला नेला होता. हॉटेलवाल्यांचं पोट दुखायला लागलं तेव्हा मतं फिरली. गाण्यानं एवढं केलं की देशभरच्या पोराटोरांना ॲरिझोनात काय चाललंय ते कळलं. चक डी रॅपला काळ्या लोकांचं सीएनएन म्हणायचा तो याच अर्थानं. बातमी पोचवायची. बाकीचं काम इतरांचं.

---

रेल्वेगेट_बंद

म्हणजे बातमीदार. मग ठीक आहे. बातमीदाराला मी पुढारी समजून शिव्या देत होतो.

---

कॅम्पातला_गिटारवाला

प्रभावाबद्दल कुणी लिहिलंच नाही अजून. थोडक्यात लिहितो.

आइस क्यूब हा रॅपर एनडब्ल्यूए हा आपला गट सोडून बाहेर पडला तेव्हा पहिल्या एकट्याच्या अल्बमसाठी (१९९०) लॉस एंजेलिसहून थेट बॉम्ब स्क्वॉडकडं न्यूयॉर्कला गेला. १९९१ ला अँथ्रॅक्स या मेटल बँडबरोबर 'ब्रिंग द नॉइज' परत केलं. माझ्यासारखे गिटारवाले रॅपकडं वळले ते त्या दारातून. पुढचा रेज अगेन्स्ट द मशीन हा रॉक बँड त्याच वाटेवरचा. सोनिक यूथ या रॉक बँडच्या 'कूल थिंग'मध्ये चक डीचा आवाज आहे. २०१३ ला त्यांना रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं.

आणखी एक गंमत: १९८८ च्या त्या अल्बममध्ये गाण्यांच्या मधे जो प्रेक्षकांचा गलका ऐकू येतो तो अमेरिकेतला नाही, लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमधला, १९८७ चा. आपल्या देशाला दाखवायचं की बघा, बाहेर आम्हाला कसं डोक्यावर घेतात!

भारतात म्हणाल तर मला त्यांच्या सर्वात जवळचा वाटतो तो मुंबईचा स्वदेशी हा रॅप गट. २०१९ चं त्यांचं 'द वारली रिव्होल्ट' ऐका. आरेच्या जंगलाबद्दल आहे, आणि त्यात प्रकाश भोईर हे तिथलेच आदिवासी कलावंत स्वतः गातात. ज्याचा प्रश्न त्याचाच आवाज, आणि तो आवाज ओरडत नाही. त्यांच्यातला एमसी तोडफोड २०२२ ला अगदी कोवळ्या वयात गेला. गुजरातीत काय रॅप करायचा पोरगा!

---

बेस_वडगाव

मी रॅप करतो. पेठकाकांनी ज्या पोरांबद्दल लिहिलंय त्यातलाच एक समजा. वाचून आधी राग आला, खोटं कशाला बोलू.

काका, आम्ही ओरडतो कारण माइक तसला असतो. मंडळाच्या साउंडला सगळा बेस पुढं, आवाजाचा माइक साधा, त्यात मॉनिटर नाही. आपलंच आपल्याला ऐकू येत नाही, मग माणूस ओरडणारच. तुम्ही स्टुडिओतलं ऐकून आमचं मैदानातलं तोलताय.

पण झीलकऱ्याचं डोक्यात बसलं. आमच्यात दोघं एकाच वेळी सगळ्या ओळी म्हणतात, कारण एकटा दमतो. ते चूक कसं आहे ते आत्ता कळलं. काल वडगावात मागावरच्या खटखटाचा आवाज फोनवर घेतलाय. पॉवरलूमच्या शेजारी वाढलोय, तो ठेका पाठच आहे. तो मागं लावून बघतो.

---

शहापूरची_पेठ

@बेस_वडगाव, मैदानाचा मुद्दा शंभर टक्के रास्त. साउंडवाल्याला आधी भेटून दोन किलोहर्ट्झच्या आसपास आवाज थोडा वर आणि तुमच्या माइकवर शंभर हर्ट्झच्या खालचं सगळं कापायला सांग. फुकट होतं. आणि एक छोटा कर्णा स्वतःकडं तोंड करून ठेव, मॉनिटर म्हणून चालतो.

मागाचा आवाज घेताना एकाच मागाचा घे, अख्ख्या शेडचा नको. नुसता गोंगाट मिळेल, तुकडा मिळणार नाही. धोटा एका बाजूला आपटतो तेवढाच काप.

---

चिक्कोडी_एक्सप्रेस

@बेस_वडगाव, झीलकरी पाहिजे असेल तर मी यायला तयार हाय. पण मी मधल्या फटीत कन्नडमधनं उचलणार, गीगीच्या चालीवर. तू मराठीत तक्रार सांगायची, मी कन्नडमध्ये 'मग काय झालं रे तम्मा?' विचारणार.

---

रेल्वेगेट_बंद

कन्नड झीलकरी घेऊन आमच्या मंडळाच्या स्टेजवर? वर्गणी बंद होईल.

---

चिक्कोडी_एक्सप्रेस

आमच्याकडं पण होईल की. दोन्हीकडची बंद झाली तर हिशोब बरोबर.

---

मंजुळा_अनगोळ

वर्गणी माझ्याकडून घ्या. अट एकच, तिसऱ्या कडव्यात कुणाची आईबहीण नको.

---

बेस_वडगाव

ताई, डन. चिक्कोडीवाले, रविवारी मोकळे आहात काय? माग रविवारी बंद असतोय, शेडमध्ये शांत मिळेल.